तोकेलाऊ बेटांतील ग्रामपरिषदा व निवडणुकीचे तत्त्व

दक्षिण प्रशांत महासागरात सामोआच्या उत्तरेस सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणद्वीपे आहेत. तिन्ही मिळून जमीन जेमतेम १२ चौरस किलोमीटर भरते. ती समुद्रसपाटीपासून काही हात वर आहे इतकेच. एका द्वीपावरून दुसरे दृष्टीस पडत नाही. विमानतळ एकाही बेटावर नाही. आपिया बंदरातून निघालेली बोट एका दिवसाहून अधिक प्रवास करून तेथे पोहोचते. या तीन बेटांच्या प्रदेशास तोकेलाऊ हे नाव असून त्याची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास आहे. राज्यशास्त्राच्या ग्रंथांतून या प्रदेशाचा उल्लेख आला तर तो बहुधा तळटिपेत येतो. तथापि लोकनियुक्त सत्ता आणि परंपरागत ग्रामसत्ता यांचा परस्परसंबंध तेथे ज्या रीतीने घडत गेला, तो अभ्यासकांनी बारकाईने पाहावा असा आहे. निवडणूक ही संस्था सामान्यतः जुन्या ग्रामसंस्थेस बाजूस सारून आपली जागा करून घेते, असा सार्वत्रिक समज आहे. तोकेलाऊमध्ये निवडणुका झाल्या, नियमाने झाल्या, आणि तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सत्तेचा ओघ उलट दिशेने, म्हणजे निवडून न आलेल्या ग्रामपरिषदांकडे वळला. तो का वळला, आणि पुढे सार्वमताच्या प्रसंगी त्याचा परिणाम काय झाला, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचे विषय आहेत.

युरोपीय सत्ता येण्यापूर्वी ही बेटे परस्परांशी समान नात्याने बांधलेली नव्हती. फाकाओफो हे प्रबळ होते. तेथील ‘अलिकी’ म्हणजे सरदार नुकुनोनूवर सत्ता गाजवीत, आणि अताफूची वस्तीही फाकाओफोहून आलेल्या लोकांनी नव्याने वसविलेली होती. १८६० च्या दशकात या जुन्या व्यवस्थेवर दोन आघात एकाच वेळी झाले. पहिला धर्मप्रचारकांचा. अताफूने लंडन मिशनरी सोसायटीचा प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, नुकुनोनू कॅथलिक झाले आणि फाकाओफोत दोन्ही पंथ नांदू लागले. ही विभागणी आजतागायत टिकून आहे, आणि तिन्ही गावांच्या स्वतंत्र वृत्तीस तिने पुष्कळ बळ दिले आहे. दुसरा आघात अधिक क्रूर होता. १८६३ मध्ये पेरू देशाकडे मजूर नेणारी गुलामवाहू जहाजे या बेटांना लागली आणि सुमारे अडीचशे माणसे त्यांनी पळवून नेली. काम करण्याजोगे पुरुष जवळजवळ सारेच गेले. नेलेल्यांपैकी परत आलेल्यांची संख्या नगण्य होती. या हानीनंतर फाकाओफोचे वर्चस्व पूर्वीसारखे राहणे अशक्यच होते.

ब्रिटिश सत्तेने येथे फारसा उत्साह दाखविला नाही. १८८९ मध्ये ‘एजेरिया’ या युद्धनौकेचा अधिकारी ओल्डहॅम याने तिन्ही बेटांवर संरक्षित प्रदेश म्हणून ध्वज उभारला. १९१६ मध्ये ती गिल्बर्ट व एलिस बेटांच्या वसाहतीस जोडण्यात आली. आणि तेथून कारभार चालविणे अडचणीचे ठरल्यामुळे १९२५ च्या आदेशाने तो न्यूझीलंडकडे सोपविण्यात आला. १९४८ च्या कायद्याने, १ जानेवारी १९४९ पासून, ही बेटे न्यूझीलंडच्या राज्याचा भाग झाली आणि तेथील रहिवासी न्यूझीलंडचे नागरिक ठरले. या नागरिकत्वाचे महत्त्व पुढे दिसून येईल. वसाहतवादी कारभाराने बेटांवर गोरा अधिकारी कायमचा नेमलाच नाही. त्याने प्रत्येक गावी दोन पदे निर्माण केली. एक ‘फाइपुले’, म्हणजे सरकारचा प्रतिनिधी आणि न्यायाधीश. दुसरे ‘पुलेनुकू’, म्हणजे गावाची स्वच्छता, पाण्याची टाकी, सामुदायिक कामे यांवर देखरेख करणारा ग्रामाधिकारी. ही दोन्ही पदे कालांतराने प्रौढ मतदारांनी निवडून द्यावयाची झाली. आज दर तीन वर्षांनी जानेवारी महिन्यात तिन्ही गावांत या पदांसाठी मतदान होते. पक्ष नाहीत. मतदार आणि उमेदवार एकमेकांना जन्मापासून ओळखतात.

या दोन लोकनियुक्त पदांच्या मागे, आणि एका अर्थी त्यांच्या वर, ‘ताउपुलेगा’ ही ग्रामपरिषद उभी आहे. ताउपुलेगा निवडून येत नाही. तिची रचना तिन्ही गावांत एकसारखीही नाही. नुकुनोनूत विस्तृत कुटुंबांचे प्रमुख तिचे सभासद असतात. अन्यत्र ‘मताई’, म्हणजे कुटुंबाचे उपाधिधारक प्रमुख, आणि गावातील वृद्ध यांचे प्रमाण कमीअधिक आढळते. फाइपुले आणि पुलेनुकू हे दोघे आपल्या पदाच्या नात्याने तिच्यात बसतात. सभासद प्रायः पुरुषच असतात. स्त्रियांची ‘फातुपाएपाए’ ही स्वतंत्र संघटना आहे आणि धडधाकट पुरुषांचा ‘आउमागा’ हा श्रमसंघ आहे. गावाचा मासेमारीचा दिवस कोणता, नारळाची कोणती बेटुली कधी तोडणीसाठी मोकळी करावयाची, बोटीतून आलेला माल कोणी उतरवावयाचा, हे सारे ताउपुलेगा ठरविते. सामुदायिक मासेमारीत जे मिळते ते ‘इनाती’ या पद्धतीने गावातील प्रत्येक गटास वाटले जाते, आणि त्या वाटणीत तान्ह्या मुलाचाही हिस्सा धरला जातो. अशा परिषदेचा अधिकार हात वर करून मोजता येणारा नाही. तो रोजच्या अन्नाशी बांधलेला आहे.

तोकेलाऊच्या समाजाचा सूक्ष्म अभ्यास ज्यांनी केला त्या ज्युडिथ हंट्समन आणि अँटनी हूपर या मानववंशशास्त्रज्ञांनी ‘माओपोओपो’ या कल्पनेकडे विशेष लक्ष वेधले आहे. एकत्र येणे, एकदिलाने वागणे, गाव म्हणून एकसंध दिसणे असा तिचा आशय सांगता येईल. ताउपुलेगात चर्चा दीर्घ चालते, वडीलधाऱ्यांचा मान राखला जातो, आणि मतभेद असलाच तर तो निर्णयापूर्वी विरघळवून टाकण्याकडे कल असतो. निर्णय झाला की तो सर्वांचा. मतमोजणीत पराभूत झालेला अल्पपक्ष ही गोष्ट तेथे सामान्यतः उद्भवतच नाही. ही पद्धत आदर्श आहे असे समजण्याचे कारण नाही. तरुणांना, स्त्रियांना, बाहेर शिकून आलेल्यांना तिच्यात आवाज कमी असतो, आणि एकदिलाचा आग्रह हा कित्येकदा मौनाचा आग्रह होऊन बसतो. परंतु तिची शक्ती आणि तिची उणीव ही एकाच मुळातून आलेली आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या लहानशा जगावर बाहेरून नवा दाब येऊ लागला. न्यूझीलंडने १९४६ मध्येच या प्रदेशाची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत केली होती. १९६० चा वसाहतमुक्तीचा जाहीरनामा निघाल्यावर यादीतील प्रत्येक नावाचा हिशेब मागितला जाऊ लागला. पश्चिम सामोआ १९६२ मध्ये स्वतंत्र झाला होता. कुक बेटांनी १९६५ मध्ये आणि नियुएने १९७४ मध्ये न्यूझीलंडशी ‘मुक्त साहचर्य’ असे नाते जोडून स्वशासन मिळविले. साठीच्या दशकाच्या मध्यास तोकेलाऊच्या प्रतिनिधींना सामोआशी किंवा कुक बेटांशी सामील होण्याविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी दोन्हींस नकार दिला. आहे तेच बरे, असा त्यांचा कौल होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शिष्टमंडळांनी १९७६ पासून वेळोवेळी बेटांना भेट दिली, आणि प्रत्येक भेटीत हा प्रश्न थोडा अधिक टोकदार होऊन परत येत राहिला.

दरम्यान एक वेगळाच बदल घडत होता, आणि परिणामांच्या दृष्टीने तो ठरावांपेक्षा अधिक खोल होता. सत्तरीच्या दशकात शाळा, दवाखाने, सार्वजनिक बांधकाम यांसाठी पगारी नोकरवर्ग वाढला. हा वर्ग न्यूझीलंडच्या लोकसेवा आयोगाचा नोकर होता आणि त्याचे मुख्य कार्यालय आपिया येथे होते. गावात आउमागाचे श्रम विनामूल्य आणि नोकरशाहीचे श्रम वेतनासह, अशी दुहेरी व्यवस्था उभी राहिली. शिक्षकाने ताउपुलेगाच्या हुकुमाने मासेमारीस जावयाचे की आपियाच्या पत्राप्रमाणे शाळा उघडी ठेवावयाची, असे पेच निर्माण होऊ लागले. १९८६ च्या नियमांनी तिन्ही गावांना कायदेशीर संस्थेचे रूप देऊन ग्रामनियम करण्याचा अधिकार मान्य केला, ही गोष्ट महत्त्वाची खरी. परंतु पैसा आणि नेमणुका गावाबाहेरच राहिल्या. नोकरवर्गाचे स्वामित्व न्यूझीलंडच्या आयोगाकडून तोकेलाऊकडे आले ते २००१ मध्ये.

नव्वदीच्या दशकात घटनात्मक प्रगतीचा जो आराखडा हाती घेण्यात आला तो पाश्चात्त्य वळणाचा होता. तिन्ही गावांच्या प्रतिनिधींची ‘जनरल फोनो’ ही सभा पूर्वीपासून भरत असे; तिला राष्ट्रीय विधिमंडळाचे रूप द्यावयाचे, तीन फाइपुल्यांचे मंत्रिमंडळ करावयाचे, आणि त्यांतील एकाने वर्षभर ‘उलु ओ तोकेलाऊ’ म्हणजे प्रदेशाचा प्रमुख व्हावयाचे, असे ठरले. हे प्रमुखपद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि राजधानीही त्याच्याबरोबर फिरते. बेटाबेटांतील मत्सरावर हा उपाय साधा वाटतो, पण तो आजवर उपयोगी पडला आहे. १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या प्रशासकाने आपले कार्यकारी अधिकार जनरल फोनोकडे आणि तिच्या अधिवेशनांच्या मधल्या काळासाठी फाइपुल्यांच्या मंडळाकडे सोपविले. १९९६ च्या कायद्याने फोनोस नियम करण्याचा, करही बसविण्याचा अधिकार मिळाला. १९९९ पासून फोनोचे सभासद तीन वर्षांच्या मुदतीसाठी निवडले जाऊ लागले. पाठ्यपुस्तकातील क्रमाप्रमाणे पुढची पायरी स्पष्ट होती. राष्ट्रीय सभा बलवान व्हावी, तिचे मंत्री बलवान व्हावेत, आणि ग्रामपरिषदांनी हळूहळू नगरपालिकांचे रूप घ्यावे.

तसे घडले नाही. १९९८ पासून ‘आधुनिक तोकेलाऊ घर’ या नावाने जी पुनर्रचना सुरू झाली, तिच्यात वडीलधाऱ्यांनी एक मूलभूत आक्षेप मांडला. सत्ता प्रशासकाकडून फोनोकडे आली, म्हणजे ती वरून खाली आली. गावाकडे ती उरलेली, वाटून शिल्लक राहिलेली म्हणून पोहोचते. वास्तविक तोकेलाऊमध्ये सत्तेचा उगम गाव आहे. तेव्हा प्रशासकाने आपले अधिकार गावांच्या हाती द्यावेत, आणि जे काम तिघांनी मिळूनच करावयाचे, उदाहरणार्थ जहाजवाहतूक, परराष्ट्रसंबंध, सागरी हद्दीतील मासेमारीचे परवाने, तेवढे गावांनी फोनोकडे सोपवावे. हा युक्तिवाद मान्य झाला. जुलै २००४ पासून फोनोस दिलेले अधिकार परत घेऊन ते तिन्ही ताउपुलेगांना देण्यात आले आणि ताउपुलेगांनी राष्ट्रीय स्वरूपाचे विषय फोनोकडे पाठविले. कार्यकारी मंडळातही तीन फाइपुल्यांबरोबर तीन पुलेनुकू आले. संघराज्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर घटक आता मूळ झाले आणि केंद्र त्यांचे मुखत्यार झाले.

या उलथापालथीचा एक परिणाम सहसा कोणी मांडत नाही. निवडणुकीचे क्षेत्र तेच राहिले, पण तिचा अर्थ बदलला. पूर्वी फाइपुले निवडणे म्हणजे अंशतः प्रदेशाचा शासनकर्ता निवडणे होते. २००४ नंतर तो त्याहून अधिक प्रमाणात गावाच्या परिषदेचा दूत झाला. परिषदेने सांगितलेले त्याने आपियात, वेलिंग्टनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये मांडावयाचे. मतदाराने निवडलेला मनुष्य मतदाराने न निवडलेल्या मंडळास उत्तरदायी, अशी ही रचना आहे. पुस्तकी लोकशाहीच्या मापाने ती सदोष ठरेल. परंतु ताउपुलेगाचा सभासद हा आपल्या कुटुंबाच्या अंगणात रोज जाब देत असतो, आणि काही शे माणसांच्या गावात हा जाब तीन वर्षांनी येणाऱ्या मतपेटीहून सौम्य असतोच असे नाही. जनरल फोनोच्या प्रतिनिधींत स्त्रियांच्या संघटनेस आणि आउमागास स्थान मिळते, ही ताउपुलेगाच्या वृद्धप्रधान रचनेतील कसर भरून काढण्याची वाट म्हणता येईल. ती पुरेशी आहे काय, याविषयी दुमत राहील.

नव्या रचनेची खरी परीक्षा सार्वमताने झाली. नोव्हेंबर २००३ मध्ये जनरल फोनोने न्यूझीलंडशी मुक्त साहचर्य ठेवून स्वशासन मिळविण्याचा पर्याय निवडला होता. २००५ मध्ये घटनेचा आणि तहाचा मसुदा संमत झाला. न्यूझीलंडचे नागरिकत्व कायम राहणार होते, आर्थिक साहाय्याचे आश्वासन होते, आणि २००४ मध्येच एक आंतरराष्ट्रीय न्यासनिधी स्थापन झाला होता. तिन्ही ताउपुलेगा अनुकूल होत्या. या टप्प्यावर फोनोने एक अट घातली. असा निर्णय साध्या बहुमताने होऊ नये. वैध मतांपैकी दोन तृतीयांश अनुकूल पाहिजेत. ही अट कोणी बाहेरून लादलेली नव्हती. तिच्यात माओपोओपोचीच छाया दिसते. निम्म्याहून एक अधिक अशा मोजणीने समाजाचे रूप पालटावे, ही कल्पना त्या वृद्धांना रुचणे शक्य नव्हते. आणि मतपत्रिकेत एकमत नोंदविण्याची सोय नसल्यामुळे, एकमताच्या जवळ जाणारा आकडा म्हणून दोन तृतीयांश घेतले गेले.

मतदान फेब्रुवारी २००६ मध्ये झाले. आपियात प्रथम मते घेण्यात आली, नंतर मतपेटी बोटीने अताफू, नुकुनोनू, फाकाओफो अशी फिरली; संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक बरोबर होते. ५८१ वैध मतांपैकी ३४९ अनुकूल आणि २३२ प्रतिकूल पडली. प्रमाण ६० टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे जगातील कोणत्याही विधिमंडळात विजय, येथे पराभव. ऑक्टोबर २००७ मध्ये तोच प्रश्न पुन्हा मांडण्यात आला. या वेळी ६९२ वैध मते पडली; त्यांतील ४४६ अनुकूल, २४६ प्रतिकूल. प्रमाण ६४.४५ टक्के. दोन तृतीयांशासाठी ४६२ हवी होती. सोळा मते कमी पडली.

या आकड्यांचा नीट विचार केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. दोन मतदानांच्या मध्ये वैध मतांची संख्या १११ नी वाढली, आणि त्यांतील ९७ मतांची भर अनुकूल बाजूस पडली. प्रतिकूल मते २३२ वरून २४६ इतकीच झाली. याचा अर्थ विरोधकांचा गट जवळजवळ स्थिर राहिला; दीड वर्षाची समजूत, परिषदांचा आग्रह, पुढाऱ्यांचे दौरे यांनी त्यास वाढू दिले नाही, पण घटविलेही नाही. परिषदेच्या बैठकीत ज्यांचा आवाज ऐकू येत नव्हता असा हा समाजाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग होता. ज्या गावांत उघड निर्णय एकदिलाने होतात, त्याच गावांत गुप्त मतपत्रिकेने दोनदा निराळे उत्तर दिले. हे उत्तर ताउपुलेगाच्या विरुद्ध बंड होते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पुढील निवडणुकांत परिषदांचे वजन कमी झाल्याची चिन्हे दिसत नाहीत. अधिक संभवनीय हे की परिषदेत बोलण्याची रीत आणि मतपेटीशी बोलण्याची रीत या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि त्यांचे भाषांतर एकमेकींत सहज होत नाही.

विरोधाची कारणे शोधताना न्यूझीलंडमधील तोकेलाऊ लोकांचा विचार टाळता येत नाही. साठीच्या दशकात पुनर्वसनाच्या योजनेखाली पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली, आणि २००६ च्या न्यूझीलंडच्या जनगणनेत आपणांस तोकेलाऊ म्हणविणाऱ्यांची संख्या सुमारे ६,८०० होती, म्हणजे बेटांवरील वस्तीच्या चौपटीहून अधिक. त्यांना सार्वमतात मत नव्हते. अनेकांनी याचे दुःख मानले. आपल्या जन्मभूमीचे भवितव्य आपल्यावाचून ठरते, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्य होते, पण तिची दुसरी बाजूही होती. वेलिंग्टनजवळच्या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी बेटावर मासे धरणाऱ्यांसाठी राज्यघटना निवडावी काय? मत नसले तरी नाते होतेच, आणि दूरध्वनी १९९७ मध्ये बेटांवर पोहोचला होता. परदेशातील वडीलभावाचा शब्द कित्येक घरांत परिषदेच्या शब्दाइतका वजनदार ठरला असल्यास नवल नाही. नागरिकत्व सुरक्षित असल्याचे कागदोपत्री सांगितले गेले होते. परंतु ज्यांच्या मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि म्हातारपण त्या एका हक्कावर टांगलेले होते, त्यांना कागदाची खात्री किती वाटली असेल, हा प्रश्न राहतोच.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीस हा निकाल गैरसोयीचा वाटला, कारण तिच्या यादीतील नावे कमी करण्याची जी थोडी संधी होती ती हुकली. न्यूझीलंडमध्येही काहींनी दोन तृतीयांशाची अट हा अविचार ठरविला. ही टीका वरवरची आहे. अट नसती आणि २००६ मध्येच ६० टक्क्यांवर नवी घटना अमलात आली असती, तर सुमारे ४० टक्के गावकऱ्यांस नको असलेली राजवट तीन प्रवाळद्वीपांवर, एकाच विहिरीच्या काठी आणि एकाच मासेमारीच्या बोटीत, चालवावी लागली असती. मोठ्या देशात अल्पमत दुसऱ्या शहरी राहू शकते. फाकाओफोत ते शेजारच्या घरी राहते.

२००७ च्या निकालानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २००८ मध्ये, तिन्ही गावांत फाइपुले, पुलेनुकू आणि फोनोच्या प्रतिनिधींच्या नेहमीच्या निवडणुका ठरल्याप्रमाणे झाल्या. नव्या फोनोत वीस प्रतिनिधी आले. अताफूचे फाइपुले कुरेसा नासाउ २००७ मध्ये उलु होते. त्यांच्यामागून ते पद ठरलेल्या क्रमाने नुकुनोनूच्या पिओ तुइया यांच्याकडे गेले. स्वनिर्णयाचा प्रश्न काही काळ बाजूस ठेवून गावांच्या मूलभूत गरजांकडे लक्ष द्यावे, असे फोनोने ठरविले, आणि ताउपुलेगा पुन्हा शाळा, दवाखाने व बोटीच्या फेऱ्या यांच्या कामास लागल्या.